ओझे आणि व्यायाम

यंदा या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न इतक्या वेळा आला, की दर आठवड्याच्या अपुऱ्या जागेत तो उरकण्याऐवजी मी दिवाळी अंकासाठी राखून ठेवला. पत्रे वेगवेगळ्या घरांतली, पण मजकूर जवळजवळ एकच. मुलीची पाळी दोन-दोन महिने लांबते, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतात, हनुवटीवर केस दिसू लागतात. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून ‘पीसीओडी’ असे नाव दिले, गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितले, “हिला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम करू द्या.” इथपर्यंत सारे ठीक असते. घरी आल्यावर मात्र आजी म्हणतात, “पोरीने जड उचलायचे? अंग खाली येईल! उद्या लग्न व्हायचे आहे तिचे.” वडील म्हणतात, मुलगी पैलवानासारखी दिसू लागेल. आणि आई बिचारी दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी राहून आम्हाला पत्र लिहिते.

अशा आजींना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मला त्यांच्या भीतीचे मूळ शोधावेसे वाटले, आणि ते मला अनपेक्षित ठिकाणी सापडले. ते ठिकाण म्हणजे पोलादपूर तालुक्यातले उमरठ.

उमरठचे नाव आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. १६७० साली कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले. त्यांची समाधी उमरठला आहे. शाळांच्या सहली येतात, मुले पुतळ्यापुढे उभी राहून जयघोष करतात आणि मावळ्यांच्या मनगटातल्या बळाची वर्णने ऐकतात. मौज अशी की ही वर्णने चालू असताना, बाजूच्या पायवाटेने डोईवर मोळी घेऊन चढणीवरून येणाऱ्या बाईकडे कोणी वळूनही पाहत नाही. ताकद म्हटली की आपल्याला पुरुष आठवतो, आणि बाई म्हटली की नाजूकपणा!

या गावात माझ्या एक मामेसासूबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे. गेल्या वैशाखात त्यांच्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला. हा सारा मुलूख सह्याद्रीच्या कुशीतला. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. साहजिकच पाणी वाहणे, लाकूडफाटा आणणे, उतारावरच्या खाचरांत ओणव्याने भात लावणे हे बायकांच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या आलेले आहे. पाण्याने भरलेला हंडा आणि त्यावर कळशी म्हणजे वीस किलोच्या घरातले ओझे.

मी सहज विचारले, “मामी, बाईने जड उचलू नये असे तुम्हालाही वाटते का हो?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “अगं सूनबाई, आमच्या म्हाताऱ्या सांगायच्या खऱ्या. पण उचलायचं कुणी, ते नाही सांगितलं कधी! बाळंतपण झालं की पंधराव्या दिवशी डोईवर हंडा. माझ्या थोरल्या जावेचं अंग बाहेर आलं ते तसंच. मरेपर्यंत सोसलं तिनं, कुणाला बोलली नाही.”

मी म्हटले, “आणि पाळीत? तेव्हा तरी विसावा मिळायचा ना?”

“विसावा कसला? चुलीला शिवायचं नाही, देवाला शिवायचं नाही. पण रानातनं मोळी आणायला कुणाची ना नव्हती.”

वाचकभगिनींनो, आपल्या घरच्या आजींची भीती कुठून आली ते आता ध्यानात येईल. ती खोटी नाही. ती ओझ्याची भीती आहे. पुष्कळ बाळंतपणे, त्यानंतर न मिळालेली विश्रांती, अपुरे जेवण आणि वर्षानुवर्षे वाहिलेला भार यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले होतात आणि गर्भाशय खाली सरकू शकते. हे आमच्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांचे पाहणे खरे होते. पण त्यातून काढलेला निष्कर्ष, की ‘बाईच्या जातीने जड उचलूच नये’, तो मात्र तपासून घ्यायला हवा. कारण ओझे वेगळे आणि व्यायाम वेगळा.

फरक काय? ओझे आपल्या अंगावर पडते. व्यायाम आपण निवडतो. ओझे आज झेपते की नाही हे कोणी विचारत नाही. व्यायामात झेपेल तेवढ्यापासून सुरुवात करून वजन हळूहळू वाढवायचे असते. ओझे रोज असते. व्यायामानंतर एक-दोन दिवस त्या स्नायूंना विश्रांती द्यायची असते आणि स्नायू बळकट होतो तो या विश्रांतीतच. ओझे वाहणारी बाई घरात सर्वांत शेवटी उरलेसुरले खाते. व्यायाम करणारीला पोटभर आणि सकस खावेच लागते. थोडक्यात, ओझ्याने शरीर झिजते आणि व्यायामाने घडते.

मणिपूरच्या मीराबाई चानूचे उदाहरण घ्या. लहानपणी भावाला न उचलणारी लाकडाची मोळी ती डोईवर घेऊन येई, असे तिच्या घरचे सांगतात. ती मोळीच वाहत राहिली असती, तर तिचे नाव आपल्याला कळलेही नसते. तिला प्रशिक्षण मिळाले, आहार मिळाला, शिक्षक मिळाले. २०२१ साली तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये ४९ किलो वजनगटात तिने एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. २०२४ साली पॅरिसला तिचे कांस्यपदक एका किलोने हुकले, तेव्हा पत्रकारांपुढे तिने न संकोचता सांगितले, की तो तिच्या पाळीचा तिसरा दिवस होता. पदकापेक्षाही हे वाक्य मला मोलाचे वाटते. पाळीचा त्रास असतो हेही त्यात आले, आणि त्या दिवशीही १९९ किलो उचलता येतात हेही आले! आपल्या सांगलीच्या काजोल सरगरनेही २०२२ च्या ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धेत वजन उचलण्यातच सुवर्णपदक आणले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दंडाच्या आणि मांड्यांच्या स्नायूंचा पाळीशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो साखरेच्या वाटेने जातो.

आपण पोळी-भात खातो, त्याची साखर होऊन रक्तात उतरते. ती पेशींच्या आत घेण्यासाठी इन्शुलिन नावाचा संप्रेरक लागतो. साखरेचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. हे कोठार लहान असले किंवा वापराविना गंजले असले, तर इन्शुलिनची हाक त्याला नीट ऐकू येत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते. हे जादा इन्शुलिन रक्तातून बीजकोशापर्यंत पोचते आणि त्याला पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते. भरीस भर म्हणून, या संप्रेरकांना बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात तयार होते, तेही कमी पडू लागते. परिणामी बीज वेळेवर पक्व होत नाही, पाळी लांबते, मुरुमे येतात, नको तिथे केस येतात. स्टाइन आणि लेव्हेंथाल या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी १९३५ साली या विकाराचे वर्णन केले होते. विकार नवा नाही, आपल्या बैठ्या राहणीने तो अधिक त्रासदायक झाला एवढेच.

स्नायू जेव्हा वजनाविरुद्ध आकुंचन पावतो, तेव्हा साखर आत घेणारी त्याची दारे इन्शुलिनची फारशी वाट न पाहता उघडतात. नियमाने व्यायाम केल्यास कोठारही मोठे होते आणि इन्शुलिनची हाक त्याला पुन्हा ऐकू येऊ लागते. म्हणून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या विकारासाठी चालण्या-पळण्याबरोबरच, आठवड्यातून दोन दिवस, लागोपाठ नव्हे, स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगते. व्यायामाने प्रत्येकीची पाळी घड्याळासारखी होईलच अशी हमी कोणी देऊ नये. साखरेचा तोल, कंबरेचा घेर, अंगातली ताकद आणि मनाची उभारी यांवर त्याचा परिणाम अधिक खात्रीचा. पाळीवरचा परिणाम कोणाला पुष्कळ, तर कोणाला थोडा. डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायाम सुरू केला म्हणून परस्पर बंद करू नये.

पाळीच्या दिवसांत पोटात कळा येतात त्याबद्दल. २०१९ साली यासंबंधीच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. आठवड्यातून तीनदा, सुमारे पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्या बायकांच्या कळा कमी झाल्याचे त्यात दिसले. पुरावा अजून पक्का नाही असेही आढावा घेणाऱ्यांनी नमूद केले आहे. पण करून पाहायला खर्च नाही आणि अपायही नाही. पाळीत व्यायाम करू नये असा वैद्यकीय नियम नाही. ज्या दिवशी अंग जड वाटते त्या दिवशी वजन कमी घ्यावे किंवा स्वस्थ पडावे. ठरवायचे त्या मुलीने.

“मुलगी राकट दिसेल” या वडिलांच्या शंकेलाही उत्तर द्यायला हवे. पुरुषांचे दंड फुगतात ते टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या जोरावर. स्त्रीच्या रक्तात ते पुरुषाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास वजन उचलून कोणी पैलवान होत नाही. होत असते तर तालमीतल्या पोरांना एवढे कष्ट पडलेच नसते!

आणि हा विषय मुलींपुरता नाही. त्यांच्या आयांचाही आहे. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. इस्ट्रोजेन कमी झाले की हाडांची झीज वेगाने सुरू होते. मग न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होते आणि खुब्याचे हाड मोडते. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडे विरळ झालेल्या १०१ बायकांवर झालेला एक प्रयोग २०१७-१८ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. निम्म्या बायकांनी जाणकारांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास चांगली जड वजने उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुमारे तीन टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या उरलेल्यांची एक टक्क्याने घटली. त्या बायकांचे सरासरी वय होते पासष्ट! तेव्हा “आता आमचे काय वय आहे का?” असे म्हणायची सोय राहिली नाही.

आपल्या महाराष्ट्राला ही कल्पना अगदी परकी नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत मुलांबरोबर मुलींनाही सूर्यनमस्कार घालायला लावले. नमस्कारात आपल्याच अंगाचे वजन आपण हातांवर पेलतो. खांद्या-मनगटांना तो उत्तम व्यायाम आहे. त्याला वाढत्या वजनाची जोड दिली की झाले.

मात्र दुसरी बाजूही विसरू नये. याच महाराष्ट्रात, बीड जिल्ह्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची २०१९ साली सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली. ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. डोईवर उसाच्या मोळ्या, राहायला पाल, न्हाणीघर नाही, पाळीत सुट्टी नाही, रजा घेतली तर दंड. अंगावर जाते म्हणून डॉक्टरकडे गेले की ‘पिशवी काढा’ हा सल्ला. या बायका ताकदीत कमी होत्या असे कोण म्हणेल? म्हणून कोणी सुखवस्तू गृहस्थ “पूर्वीच्या बायका दळण-कांडण करीत, त्यांना कुठे पीसीओडी होता?” असे म्हणाले, तर त्यांना हे आकडे ऐकवावेत. पूर्वीच्या बायकांना काय होत होते, हे त्यांना विचारलेच कोणी नव्हते.

हेच दुसऱ्या टोकालाही लागू आहे. व्यायाम करायचा आणि बारीक होण्यासाठी जेवण अर्धे करायचे, असे काही मुली करतात. शरीराला दाणापाणी कमी पडले की मेंदू पाळीच बंद करून टाकतो. मग हाडेही ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या धोक्याकडे खेळाडूंचे लक्ष वेधले. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे पंडुरोग आढळला. तेव्हा व्यायामाला लागण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल, तर त्यावर आधी उपाय सुरू करावा.

आता घरच्या घरी आरंभ कसा करावा ते सांगते. लोखंडी वजने विकत आणण्याची घाई नको.

पहिला प्रकार, खुर्चीवर बसणे आणि हात न टेकता उठणे. दुसरा, भिंतीला हात टेकून पुढे झुकणे आणि भिंत ढकलत मागे येणे. जमू लागले की भिंतीऐवजी ओटा. तिसरा, पाठ सरळ ठेवून कंबरेत वाकायचे आणि पाच किलो तांदळाची पिशवी जमिनीवरून उचलून उभे राहायचे. चौथा, पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या खांद्यापासून डोक्यावर नेणे. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. पाचवा, पुढे झुकून त्याच बाटल्या कमरेकडे ओढून घेणे. प्रत्येक प्रकार दहा वेळा, थोडे थांबून पुन्हा दहा वेळा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. बारा वेळा सहज होऊ लागले की वजन थोडे वाढवावे. हे वाढवणे महत्त्वाचे. नाहीतर तीच पिशवी वर्षभर उचलून उपयोग नाही. उचलताना श्वास कोंडू नये, जोर लावताना तो सोडावा. पुढे एखाद्या चांगल्या व्यायामशाळेत जाणत्या शिक्षिकेकडून नीट शिकून घ्यावे.

जेवणात प्रथिने हवीत. आपल्या देशातल्या आहारतज्ज्ञांच्या हिशेबाने पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तितकीच. उसळ, डाळ, दही, शेंगदाणे, खाणाऱ्यांना मासळी, सुकट यांनी हा हिशेब सहज भरतो. फक्त बाईने ते स्वतःच्या ताटात वाढून घेतले पाहिजे.

काही वेळा मात्र आधी डॉक्टरांकडेच जावे. पाळी तीन महिने आली नाही, पंधरा वर्षांची होऊनही मुलीला पाळी सुरू झाली नाही, फार अंगावर जाते, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा खाली काही उतरल्यासारखे वाटते, तर व्यायामावर विसंबू नये. नुकत्याच बाळंत झालेलीने डॉक्टरांना विचारून, ओटीपोटाच्या तळाच्या व्यायामापासून सावकाश सुरुवात करावी. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर आज चांगले उपचार आहेत. मामींच्या जावेसारखे ते मुकाट्याने सोसण्याचे कारण उरलेले नाही.

तेव्हा ज्यांनी मला पत्रे लिहिली त्या सर्व आयांना माझे एवढेच सांगणे आहे. आजींशी वाद घालू नका. त्यांना जवळ बसवून विचारा, की तुम्ही कोणाचे अंग खाली आलेले पाहिले होते, आणि तिला विश्रांती किती मिळाली होती, जेवायला काय मिळत होते. त्या सांगतील, आणि सांगता सांगता त्यांचे त्यांनाच पुष्कळ उमजेल. मग नातीसाठी परवानगी मागावी लागणार नाही.

आणि यंदा दिवाळीची झाडलोट करताना घरातला एखादा जड डबा हलवायचा झाला, तर तो मुलगी, मुलगा, आई आणि बाबा यांनी पाळीपाळीने उचलावा. भाऊबीजेला बहिणीला काय द्यावे असा प्रश्न ज्या भावांना पडतो, त्यांनी साडीबरोबर आणखी एक वचन ओवाळणीत घालावे: आठवड्यातले दोन अर्धे तास तिचे, तेवढा वेळ चुलीपाशी मी उभा राहीन. ही ओवाळणी स्वस्तातली वाटेल, पण ती वर्षभर द्यावी लागते, हे देणाऱ्याने ध्यानात ठेवावे.